बाहेरचं बाहेर

माशाचा काटा शेपटीपासून डोक्यापर्यंत अखंड निघाला होता.

श्रीरंगने तो ताटलीच्या कडेला अलगद ठेवला होता. मग सुरीचे टोक माशाच्या गालाखाली घालून त्याने नखाएवढा मऊ तुकडा काढला, ओवीच्या पोळीवर ठेवला, आणि अंगठ्याला लागलेला लाल मसाला जिभेने टिपला. अंगठा ओठांपाशी असतानाच त्याचे माझ्याकडे लक्ष गेले. हात खाली आला. कागदी रुमालाने तो अंगठा पुसू लागला आणि पुसायला काही उरले नाही तरी पुसत राहिला.

सासूबाई मक्याच्या पापडाचा तुकडा हातात धरून थांबल्या होत्या. ओवी, आमची मुलगी, जिचा आज बारावा वाढदिवस होता आणि जिच्या हट्टाखातर आम्ही इथे आलो होतो, आपल्या ताटलीत बघत होती. बाहेर कालव्याच्या कडेने सायकली जात होत्या. त्यांच्या सावल्या काचेतून आत येत, टेबलावरच्या मेणकापडावर क्षणभर थरथरत आणि निघून जात. त्यांनाही जणू इथे थांबवत नव्हते.

बर्लिनच्या नॉयकोल्न भागातले हे मेक्सिकन माशांचे उपाहारगृह तसे साधेच. भिंतीवर निळा रंग, फळ्यावर खडूने लिहिलेली नावे, आणि कोळशाचा धूर दरवाजा उघडला की रस्त्यापर्यंत सोबतीला येणारा. लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची कोळंबी, कुरकुरीत पापडावर रचलेला खेकडा, आणि पोटातून उघडून, मिरचीचे वाटण फासून, जाळीवर भाजलेला अख्खा मासा. ओवीने फळ्याकडे न पाहताच तो मासा मागवला होता. सासूबाई पुण्याहून उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या. त्यांच्यासाठी मक्याच्या पोळ्या, काळ्या घेवड्याची उसळ आणि ॲव्होकॅडोची चटणी आली. मी त्यांच्याबरोबरीने तेच घेतले. इतर कुणी माशाच्या हॉटेलात उसळ का खाते असे विचारले असते, तर मी सवयीने हसले असते.

मी वेंगुर्ल्याची आहे. माशाच्या ताटावर बसलेला माणूस सराईत की नवखा, हे मला त्याच्या हातांवरून कळते. नवखा मध्येच कुठेतरी टोचतो, मांस कुस्करतो, मग काटे शोधत बसतो आणि प्रत्येक घास संशयाने चावतो. सराईताची बोटे आधी पाठीच्या रेषेवरून फिरतात, कण्यापासून मांस कुठे सैल झाले आहे ते अदमासतात, आणि मग शेपटीपाशी धरून कणा असा उचलतात, जसा वेणीतून गजरा काढावा. ही वाट बोटांना कितीतरी जेवणांनंतर सापडते. आणि गालातला तुकडा सर्वांत गोड, तो पाहुण्याला नाहीतर लेकराला द्यायचा, हे ज्याने मासा मनापासून खाल्ला आहे त्यालाच ठाऊक असते.

श्रीरंगने मासा कधीच खाल्लेला नव्हता. निदान लग्न झाल्यापासून मी तसे समजत आले होते, आणि आमचे स्वयंपाकघर व माझी जीभ त्याच एका समजुतीवर बेतली होती.

ओवीला काट्यांशी झगडताना पाहून मीच हात पुढे केला होता. इतक्या वर्षांनंतरही माझ्या बोटांना ते आठवेल का, अशी एक हुरहूर त्या हातात होती. पण माझा हात पोचण्याआधीच श्रीरंगने, फोनवर काहीतरी वाचता वाचता, ताटली आपल्याकडे ओढली. तो तिच्याकडे पाहतही नव्हता. पाहण्याची त्याला गरज पडली नाही.

“पापा माख्ट दास इमर,” ओवी खाली मान घालूनच म्हणाली. पापा नेहमीच असं करतात.

तिला मराठी सगळे समजते. उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते. त्या वाक्यातला शेवटचा शब्द, ‘नेहमी’, तिने हळू उच्चारला. तो बापाला वाचवण्यासाठी होता की मला समजावण्यासाठी, हे तिलाही ठाऊक नसावे.

“नेहमी म्हणजे?” मी विचारले.

ओवीने बापाकडे पाहिले. मग तुटक तुटक वाक्यांतून जे बाहेर आले ते एवढेच, की शनिवारी तिचा पोहण्याचा क्लास सुटला की दोघे इथे येतात, मागच्या थंडीपासून. कधी कोळंबी, कधी हा मासा. इथल्या बाईने मघाशी काउंटरवर तिला नावाने हाक मारली होती ती त्यामुळे. मी ती हाक ऐकली होती. वाढदिवसाचे बुकिंग ओवीच्या नावावर असेल, असे मी मनाशी म्हटले होते.

शनिवारी घरी आल्यावर दोघेही आधी न्हाणीघरात जाऊन दात घासत. तलावाच्या पाण्यातल्या क्लोरीनची चव जावी म्हणून, असे मला सांगितले गेले होते. मी ती चांगली सवय मानली होती. मैत्रिणींना कौतुकाने सांगितलीही होती.

लग्न ठरवायला दोन्ही घरची माणसे पुण्यात बसली, तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली होती, तीही हसत: घरात मासळी शिजणार नाही. माझ्या बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. अट घरापुरतीच होती. पण त्याच संध्याकाळी आम्ही दोघे फिरायला गेलो असता श्रीरंगने मला सांगितले, की त्याला नुसत्या वासानेही उमळते. शाळेत शेजारच्या मुलाच्या डब्याचा वास येऊन तो वर्गातच ओकला होता. हे सांगताना तो इतका शरमला होता, की मला त्याला जीव लावावासा वाटला. ज्या माणसाच्या उशीवर डोके ठेवायचे त्याला आपल्या श्वासाची किळस येऊ नये, इतका साधा विचार मी केला, आणि बाहेरही खाणे सोडले. कुणी मागितले नव्हते. न मागता दिलेले म्हणून मला ते मोलाचे वाटत होते. बर्लिनला आल्यावर मैत्रिणी समुद्रकाठी सहलीला जात, तिथल्या टपऱ्यांवर पावात घातलेला मासा खात. मी त्यांच्यासोबत बटाटे खाई आणि मनातल्या मनात एक दिवा लावून घरी येई. तो दिवा कुणाला दिसत नव्हता, पण त्याच्या उजेडात मला माझे लग्न दिसत होते.

“आल्झो, हे बघ,” श्रीरंग म्हणाला. कुठलाही अवघड विषय तो या एका जर्मन शब्दाने सुरू करतो. ऑफिसातल्या मीटिंगची ती सवय आहे. मग त्याने जे सांगितले ते बरेच लांब होते आणि त्यात त्याची चूक कुठेच नव्हती. ऑफिसच्या कँटीनमध्ये शुक्रवारी मासाच असतो. सगळी टीम एका टेबलावर बसते. एकट्याने बटाट्याचे सॅलड पुढे घेऊन बसणे नको वाटे. लोक विचारत, त्यांना आपल्या देशातल्या चालीरीती समजावून सांगाव्या लागत, आणि त्याचा कंटाळा येई. एकदा कुणीतरी त्याच्या ताटलीत तुकडा वाढला. तो खाल्ला. काही झाले नाही. उमळले नाही. नंतर आवडू लागला.

“कधीपासून?”

“हळूहळू झालं गं. अशा गोष्टींना काय तारीख असते?”

“पण वास?”

“लहानपणीचं होतं ते. गेलं असेल.”

गेलं असेल. पायाचा गोखरू जावा, तसे. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यावर पकडले गेल्याची थोडी लाज होती आणि तिच्यापेक्षा मोठी अशी एक सुटका होती. खिडकी उघडून कुणीतरी खोलीतली हवा बदलावी तसा तो हलका होत चालला होता. त्याला वाटत होते, प्रसंग निभावला.

“मला का नाही सांगितलंस?”

त्याने आईकडे पाहिले. ते पाहणे इतके ओझरते होते, की दुसऱ्या कुणाच्या नजरेतून सुटले असते.

सासूबाईंनी हातातला पापडाचा तुकडा अखेर खाली ठेवला. त्यांनी आधी ओठ पुसले, मग त्या मुलाकडे वळल्या. “आणि तू रे, बोट चाटायची एवढी काय घाई होती तुला?” त्या म्हणाल्या. “निदान मी परत जाईपर्यंत तरी.”

श्रीरंग किंचित हसला. ओवीही हसली, कारण आजीच्या आवाजात विनोद होता. मी त्या दोघांना हसताना पाहिले आणि मग सासूबाईंना पाहिले, आणि जे कळायचे ते मला विचारण्याआधीच कळले.

“तुम्हाला ठाऊक होतं, आई?”

“अगं, त्यात काय एवढं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खरोखरच काही कपट नव्हते. पुण्याच्या त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याइतकी ती गोष्ट त्यांना स्वच्छ वाटत होती. “मागच्या खेपेलाच त्यानं सांगितलं मला. तुला सांगायला निघाला होता. मीच म्हटलं, राहू दे. बाहेरचं बाहेर. तुझे सासरे जन्मभर क्लबात ऑम्लेट खात आले. मी विचारलं का कधी? पुरुष बाहेर काय खातो ते आपण बघायचं नसतं. पण तुला कळलं असतं, तर तू म्हणणार, आता तर तोही खातो, मग घरात काय हरकत आहे? एकदा का ते ओट्यावर आलं, की आलं. मी त्या घरात पुन्हा पाणी पिऊ शकले असते का, सांग?”

मागच्या खेपेला त्यांच्यासाठी मी वेगळे पातेले घेतले होते. जुन्या भाडेकरूने त्या घरात मांस शिजवले असेल, या शंकेने मी ओट्याच्या फरशांच्या फटी सोड्याने घासल्या होत्या. त्या घरात बसून आई आणि मुलगा, कदाचित मी बाजारात गेले असता, कदाचित शेजारच्या खोलीत, माझ्या जिभेचा निर्णय करून मोकळे झाले होते. आणि मी त्यांना संध्याकाळी गरम फुलके वाढले होते.

“मग मलाही बाहेर खाता आलं असतं,” मी म्हणाले.

“खायचं होतंस की,” सासूबाई म्हणाल्या. “तुला नको कुणी म्हटलं? मी घरापुरतंच बोलले होते. तू आपण होऊन सोडलंस.”

हे खरे होते. या टेबलावर आतापर्यंत बोलली गेलेली सर्वांत खरी गोष्ट तीच होती. मी आपण होऊन सोडले होते. एका माणसाला उमळते म्हणून सोडले होते, आणि त्या माणसाला उमळायचे थांबले हे मला सोडून सर्वांना ठाऊक होते. माझ्या मुलीलाही, जिला त्याने दात घासायला शिकवले होते.

ओवीने मला जर्मनमध्ये विचारले, की मी रागावले आहे का. मी नाही म्हटले. तिच्यावर मी खरोखरच रागावले नव्हते. तिच्या पोळीवरचा गालाचा तुकडा तसाच होता. तो आता थंड झाला असेल, मिरचीचा रंग त्याच्यावर साकळला असेल, असा काहीतरी विचार मी करत होते. मोठ्या दुःखाच्या दारात मन असे लहानसहान वस्तू झाडत बसते.

श्रीरंगने माशाची ताटली उचलून माझ्यासमोर ठेवली. “घे ना,” तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, दिलदार होता. “आत्ता खा. कोण अडवतंय? उलट बरंच झालं, आज सगळं मोकळं झालं. पुढच्या शनिवारपासून तूही येत जा आमच्याबरोबर.”

“खा गं,” सासूबाईही म्हणाल्या. “मी काही म्हणायची नाही.”

दोघांनी मला परवानगी दिली होती. मी माशाकडे पाहिले. अर्धा खाल्लेला, अर्धा शाबूत. कोळशाने काळवंडलेली कड, मधले मांस पांढरे, ओलसर, पाकळ्यापाकळ्यांनी सुटलेले. लिंबाचा आणि धुराचा वास वर येत होता. माझ्या तोंडाला पाणी सुटले. इतक्या वर्षांनी, अशा वेळी, माझ्या तोंडाला पाणी सुटावे, याची मला स्वतःचीच चीड आली. आणि त्या पाण्याबरोबरच, जे आजवर मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते, ते दोन काळ एकमेकांना येऊन भिडले: श्रीरंगचे कँटीनमधले शुक्रवार, आणि बाबांचा उन्हाळा.

ओवी शाळेत जाऊ लागली त्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले होते. आई गेल्यानंतर ते एकटेच होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच समुद्रापासून इतके दूर. मी त्यांना वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर वाढत होते. त्यांनी काही दिवस ते निमूट खाल्ले. मग एका रात्री ताटाकडे पाहत, लहान मुलाने विचारावे तसे, हळूच म्हणाले, “हंय बांगडो गावता काय गो?”

बर्लिनमध्ये बांगडा मिळतो. याच कालव्याच्या काठी, चालत जाण्याच्या अंतरावर तुर्की लोकांचा बाजार भरतो आणि तिथे बर्फावर बांगडे ओळीने मांडलेले असतात. मी काही बोलण्याआधीच श्रीरंगने बाबांच्या हातावर हात ठेवला. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, बाबा, मला वासच सहन होत नाही हो, सांगायलाही लाज वाटते. बाबांचा चेहरा उतरला. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने जावयाची माफी मागितली. “नाय नाय, जावयबापू, माझाच चुकला,” ते म्हणाले. “जिभेक हाड नाय.” मला तेव्हा श्रीरंगविषयी कृतज्ञता वाटली होती. किती हळुवारपणे सांगितले त्याने, असे वाटले होते. बाबांना बाहेर कुठे घेऊन जावे, हेसुद्धा मला सुचले नाही. नवरा घरी वाट पाहत असता बापाबरोबर मासा खाऊन यायचे, ही मला दिव्याशी केलेली बेइमानी वाटली असती.

त्यानंतर बाबा बाजाराच्या दिवशी एकटेच फिरायला जात. एकदा मी पाळत ठेवल्यासारखी मागून गेले. ते मासळीच्या गाड्यासमोर उभे होते. त्यांनी एका बांगड्याचा कल्ला बोटाने उचलून आतला लाल रंग पाहिला, पोट दाबून पाहिले, समाधानाने मान हलवली. मासेवाल्याने पिशवी पुढे केली तेव्हा हात हलवून नको म्हटले. मग शेजारच्या गाड्यावरून कोथिंबिरीची जुडी घेतली आणि घरी आले. दर वेळी ते कोथिंबीरच आणत. आमच्या फ्रिजमध्ये त्या उन्हाळ्यात कोथिंबीर संपतच नव्हती. बोटे धुऊनच ते मला जुडी देत. पुढच्या वर्षी मार्गशीर्षात ते गेले.

मी ताटली बाजूला सारली. श्रीरंग अजून माझ्याकडे आशेने पाहत होता. त्याच्या मते, आता मी एक घास घेतला की सगळे पूर्ववत होणार होते.

“तारीख नको,” मी म्हणाले. “एकच सांग. बाबा आले होते, त्या उन्हाळ्यात तू मासा खात होतास का?”

“आता ते कुठे—”

“ते तुझी माफी मागत होते. तू त्यांच्या हातावर हात ठेवला होतास. त्या शुक्रवारी तू कँटीनमध्ये काय खाल्लंस?”

“क्षितिजा,” सासूबाई म्हणाल्या, “मुलीचा वाढदिवस आहे.”

मी त्यांच्याकडे पाहिले नाही. ओवीने बापाकडे पाहिले, आणि मला जाणवले, की हा प्रश्न आता माझा एकटीचा राहिला नाही. ती आजोबांना ओळखत होती, ते तिला मांडीवर घेऊन होड्यांची नावे शिकवत असत. तिलाही उत्तर हवे होते. श्रीरंगने मेणकापडावरचे लिंबाचे एक चित्र नखाने खरवडले. बाहेर एक सायकल घंटा वाजवत गेली.

“श्रीरंग,” मी म्हणाले, “हो किंवा नाही.”

तो उठला. त्याने मी बाजूला सारलेली ताटली उचलली, तिच्यावर सासूबाईंची उसळीची वाटी रचली, ओवीच्या पुढ्यातली पोळी, तिच्यावरच्या न खाल्लेल्या तुकड्यासकट, त्या वाटीवर ठेवली, आणि ते सगळे दोन्ही हातांत धरून, आमच्यापैकी कुणाकडेही न पाहता, काउंटरकडे चालू लागला.